कान्हूची सही

त्या वर्षी संस्थेने ठरवलं, की बारावीच्या मुलांनी अर्थसाक्षरता हा विषय पास केल्याशिवाय त्यांना शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा नाही. मग बाकीच्या विषयांत कितीही मार्क असोत. संस्थेचं कार्यालय रोह्याला, शाळा पेणला, आणि ज्यांना साक्षर करायचं ती निम्मी मुलं खाडीकाठच्या गावांतून येणारी. या मुलांना चिल्लर मोजायला शिकवायची गरज नव्हती. पण ठराव झाला होता, आणि ठराव झाला की पुस्तक छापावं लागतं.

पुस्तकात एक कुटुंब होतं. वडील नोकरीला, आई शिक्षिका, मुलं दोन. ही माणसं रविवारी हॉटेलात जेवायची आणि महिनाअखेरीला पैसे कुठे गेले म्हणून चकित व्हायची. गावंड सर हे कुटुंब तीन महिने शिकवत होते. सर स्वतः खांब गावचे. त्यांच्या घरी भातानंतर वाल पेरायचे, आणि रविवारी हॉटेलात गेलेलं त्यांच्या घरात कोणी नव्हतं. तरी ते मन लावून शिकवायचे.

प्रकल्पाला पन्नास मार्क होते. आपल्या घराचा वर्षाचा जमाखर्च मांडायचा, त्यातला तोट्याचा एक व्यवहार हुडकायचा, तो बंद करण्याचा सल्ला पालकांना द्यायचा, आणि 'सदर सल्ला मला मान्य असून मी त्याची अंमलबजावणी केली आहे' या ओळीखाली पालकांची सही आणायची. सही नसेल तर शून्य.

"आणि शून्य म्हणजे दाखला नाही," सर म्हणाले.

मालूने ते वहीत लिहून घेतलं. ती जुईखारच्या कान्हू म्हात्रेची मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं. आईच्या, सगुणाच्या, पायांना मिठागरात चिरा पडायच्या, त्यात मीठ जायचं, आणि तिसरीत असल्यापासून त्या चिरा मालूच धुवायची. पनवेलला नर्सिंगची जागा मिळेल एवढे मार्क तिला पडत होते. दाखला तेवढा वेळेवर हवा होता.

*

जुईखार म्हणजे बेचाळीस घरं, त्यांची भातशेती आणि शेतीला खाडीपासून राखणारा मातीचा बांध. बांधात एका जागी दगडी तोंड आहे, ती उघाडी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाचा, खाचांत चार सागवानी फळ्या. ओहोटीला फळ्या वर ओढायच्या, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीआधी फळ्या खाली सोडायच्या, फटीत पेंढा आणि चिखल दाबायचा, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येत नाही. दिवसात भरत्या दोन, म्हणून फेऱ्या चार. ज्येष्ठापासून भात कापेपर्यंत.

हे काम कान्हूच्या घराकडे होतं. आधी बापाकडे, त्याआधी आज्याकडे. बदल्यात बाकीचं प्रत्येक घर सुगीला एक पायली भात द्यायचं.

मालूने बापाबरोबर आठ दिवस फेऱ्या केल्या. प्रकल्पासाठी. हातात वही आणि मोबाइलचं घड्याळ. कान्हू पुढे, खांद्यावर फावडा, लंगोटीवर सदरा. बांध घसरडा झालेला. तो पाय टेकायचा तिथेच ती टेकायची.

"बाबा, भरती किती वाजता ते तुला कसं कळतं?"

"तिथी काय आज?"

"अष्टमी."

"आठाची पाऊणकी, पाऊणपट, किती?"

"सहा."

"मग सहाला भरती. आपली खाडी आत हाय, अर्धा तास उशीर धर." तो फळी खाली सोडत म्हणाला. "फळी ओली असंल तर हळू सोड. नाय तर बोट जातं." त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. ती त्याने वर करून दाखवली, पुस्तकातली आकृती दाखवावी तशी.

मालूने लिहिलं: एक फेरी, एक तास.

घरी बसून तिने हिशेब मांडला. हंगामाच्या फेऱ्या सहाशे. भात एक्केचाळीस पायल्या, त्याची किंमत सव्वीसशे रुपये. म्हणजे फेरीला चार रुपये तेहतीस पैसे. सहाशे तास म्हणजे पंचाहत्तर दिवस, दिवसाची मजुरी चारशे, म्हणजे तीस हजार. तोटा सत्तावीस हजार चारशे. आईने खाडीच्या चिखलातून धरलेल्या निवट्या मासळीची पेणच्या बाजारातली विक्री, मिठागराची मजुरी, घरचं भात, सगळं तिने दोनदा तपासलं. चूक निघाली नाही. सल्ल्याच्या रकान्यात तिने सुंदर अक्षरात लिहिलं: 'उघाडीचे काम बंद करावे.'

*

कान्हूची सही मिळवणं हे मात्र गणितापेक्षा अवघड काम होतं.

त्याच्या बापाने एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून एका कागदावर अंगठा दिला होता. नुसता कागद हाय, असं सांगितलं होतं. त्या नुसत्या कागदात मिठागरातला त्यांचा वाटा गेला. बाप मेल्यावर कान्हू रात्रशाळेत जाऊन सही शिकला. बाकी काही शिकला नाही; सही आल्यावर त्याने शाळा सोडली. "अंगठा कुणी पण धरून उठवतं," तो म्हणायचा. "सही आपली आपण करायची असते." वीस वर्षांत त्याने पाच सह्या केल्या होत्या आणि पाचही त्याला तोंडपाठ होत्या.

"वाच," तो म्हणाला.

मालूने वाचलं. सगुणा चुलीपुढे निवट्या साफ करत होती. तिचा हात थांबला.

"चार रुपये?" कान्हू म्हणाला.

"चार रुपये तेहतीस पैसे."

"सत्तावीस हजार दरसाल जातात?"

"हिशेबाने जातात."

"आज्यापास्नं?"

कान्हूने वही हातात घेतली, उलटी आहे का सुलटी ते आकड्यांवरून ठरवलं आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, ही शाळेपुरती सही हाय रे. सगळे करतात. वर्गातल्या जगनच्या बापाने तंबाखू सोडल्याची सही केली, ती तंबाखू तोंडात धरूनच केली. कुणी चहा, कुणी लॉटरी, सगळ्यांनी बंद केलं. तू उघाडीवर जा की."

"इथं काय लिवलंय? केली आहे, का करीन?"

"केली आहे."

"मग?"

"सहीशिवाय दाखला नाय, बाबा."

ते त्याला कळलं. त्याने पेन मागितलं, हात सदऱ्याला पुसला, जीभ दातांत धरली आणि सही केली. शेवटच्या अक्षराला तो नेहमी एक जास्तीचा फराटा द्यायचा, तोही दिला. मग भिंतीला टेकवलेला फावडा उचलून माळ्यावर टाकला.

"आता काय?" सगुणा म्हणाली.

"आता बंद."

"अवं, पोरीनी सांगितलं ना शाळेपुरती म्हणून."

"शाळेपुरती सही मना येत नाय."

*

दुसऱ्या दिवशी त्याने गावच्या पंचाला, रघू पाटलाला, सांगितलं. रघूला ती थट्टा वाटली. संध्याकाळी फळ्या वरच राहिल्या तेव्हा त्याला ती थट्टा नाही हे कळलं, आणि तो चार माणसं घेऊन आला.

"कान्हू, पायली वाढवून पायजे का?"

"नाय."

"दोन देऊ."

"रघूदादा, पाच दिलीस तरी बंद. सही केलीय."

"तुझी पोर काय कलेक्टर हाय?"

"पोर बरोबर हाय. हिशेब तपासून घे."

रघूने हिशेब तपासला नाही. त्याने पाळ्या लावल्या. रोज एक घर. एक्केचाळीस घरं, फिरून पाळी दीड महिन्याने. कुणाला जड जायला नको. कागदावर ते उत्तम होतं. पाळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत मालूच्या प्रकल्पाला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. 'कुटुंबातील परंपरागत तोट्याच्या व्यवहाराचा निर्भीड शोध,' असा शेरा होता. प्रकल्पाचं शेवटचं पान, सहीसकट, चौकटीत घालून रोह्याच्या कार्यालयात लावलं.

कान्हू त्या दिवसांत शेतावर जायचा, परत यायचा, ओटीवर बसायचा. भरती-ओहोटीच्या वेळेला मात्र तो उठून उभा राहायचा. मग आपण कशाला उठलो ते आठवून परत बसायचा. दिवसातून चार वेळा.

"बस की गप," सगुणा म्हणायची.

"बसलोय."

कोजागिरीच्या दिवशी पाळी केरूच्या घराची होती. केरूला कंपनीत सकाळची शिफ्ट. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने दिराला सांगितलं, दिराने घड्याळात बघितलं आणि दुपारी जाऊ म्हणाला. पुनवेची भरती पावणेबाराला. पंधराची पाऊणकी आणि वर अर्धा तास. दीर साडेबाराला पोचला.

पाणी फार आलं नाही. तासभरच आलं. वरच्या शेतांपर्यंत पोचलंही नाही. पण सगळ्यांत खालचं शेत काशीबाईचं होतं. दाणा अजून दुधात होता.

काशीबाई एकटी बाई, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. ती भांडली नाही. आठ दिवसांनी तिने मूठभर लोंब्या आणल्या आणि मालूच्या वहीवर ठेवल्या. वरून भात दिसत होतं. मालूने एक दाणा नखाने फोडला. आत काही नव्हतं. दुसरा फोडला.

"सगळंच तसं," काशीबाई म्हणाली. "गो मालू, तू शाळेत हाईस, म्हणून इचारते. ह्यो तोटा कुणाच्या वहीत लिवायचा?"

मालूने फोडलेली टरफलं वहीवरून गोळा केली.

"नाय, मना काय घाय नाय," असं म्हणून काशीबाई सगुणाकडे सुकट मागायला आत गेली.

*

पुढचं उधाण दिवाळीच्या अवसेला होतं. भरती या वेळी मोठी असते. गावाला ते माहीत होतं. पाळीच्या यादीत त्या दिवसांत तीन घरं होती. तिन्ही घरांत माणसं कामाला बाहेर, आणि दिवाळीचा बोनस हजेरीवर.

"बाबा, जा की तू," मालू म्हणाली.

"नाय."

"काशीबाईचं गेलं. आता आपलं पण जाईल."

"ठावं हाय."

"मग कशासाठी हट्ट?"

कान्हू दोर वळत बसला होता. वळता वळता म्हणाला, "माझी सही तिथं लावलीय का नाय? भिंतीवर?"

"लावलीय."

"त्यात लिवलंय, कान्हू म्हात्रे उघाडीवर जात नाय. बरोबर?"

"व्हय."

"मग तो कागद तिथं आणि मी इथं उघाडीवर, असं कसं चालंल गो? बापानी अंगठा दिला, त्याला ठावं नव्हतं काय लिवलंय. मना ठावं हाय." त्याने दोराची गाठ मारली. "कागद तिथनं निघाला, तर बघू."

सगुणाने मालूकडे बघितलं. मालूने आईच्या पायांकडे बघितलं. मग ती उठली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

*

वसुबारसेला ती पेणहून रोह्याच्या गाडीत बसली. आधी शाळेत जाऊन गावंड सरांना सांगून आली होती. सर हातांचा खडू पुसत होते.

"प्रकल्प मागे घेतलास तर शून्य," ते म्हणाले. "दुसरा द्यायची मुदत गेली. पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर परत द्यावा लागेल. दाखलाही तेव्हाच."

"हो सर."

"उद्यापासून कार्यालयाला सुट्टी. जायचं तर आजच जा." आणि ती दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "आमच्याकडे वालाला राखण असते. तिचा हिशेब मी कधी केला नाही. भीतीच वाटली म्हण."

रोह्याच्या कार्यालयात हैबतराव नावाचे कारकून होते. ते दिवाळीच्या फराळाची वर्गणी गोळा करत होते. मालू अर्धा तास उभी होती. खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी. समोरच्या भिंतीवर चौकट होती आणि चौकटीत फराट्यासकट कान्हू.

"अर्ज कर," हैबतराव म्हणाले. तिने केला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, म्हणजे दुसऱ्या टेबलालाही ऐकू जावा. "कारण : वडिलांची सही परत पाहिजे. सही परत? सही काय शेजारणीकडचं पातेलं आहे, दिलं आणि मागून आणलं?"

दुसरं टेबल हसलं.

"ते माझ्या हातात नाही. सेक्रेटरी साहेब जेवून येतील, तोवर थांब."

सेक्रेटरी साडेतीनला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मग जाऊ दे ना वडिलांना कामावर. कागद राहू दे इथे. तुझं वर्षही वाचेल."

"पण त्यावर काम बंद केलंय असं लिहिलंय."

"लिहिलेलं असू दे. शंभर प्रकल्प आलेत आमच्याकडे. कुणाच्या बापाने तंबाखू सोडली? कोण जाऊन बघतंय?"

"माझे वडील बघतात," मालू म्हणाली.

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. त्यांनी स्वतः या विषयाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती. व्यवहारात सचोटी, असा पहिला धडा होता.

"विचार केलास?"

"केला."

"जागा पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही."

"माहीत आहे."

त्यांनी अर्जावर शेरा मारला: 'अंमलबजावणी नाही. गुण शून्य. विनंतीवरून परत.' शिपायाने स्टूल आणलं, चौकट उतरवली, मागचे खिळे पकडीने काढले. काच परत पाहिजे, असं हैबतराव म्हणाले. काच तिने मागितलीच नव्हती. पान हातात आलं. त्याच्या कडा चौकटीत दबून पांढऱ्या राहिल्या होत्या. शिपाई रिकामी चौकट घेऊन विचारत होता, आता इथे काय लावायचं.

*

ती घरी पोचली तेव्हा सगुणाचं वासराला ओवाळून झालं होतं. वासरू शेजाऱ्यांचं. मालूने पान कान्हूच्या पुढे ठेवलं.

"म्हंजे वरीस गेलं?" सगुणाने विचारलं.

"व्हय."

"आणि ती पनवेलची जागा?"

"बघू पुढच्या वर्षी."

सगुणा आत गेली आणि भांडी घासत राहिली, घासलेलीच.

कान्हूने पान दिव्याजवळ धरलं. आपली सही ओळखली. मग घडी घालून, थुंकी लावून, त्याने सहीची पट्टी तेवढी फाडून घेतली, सरळ रेषेत, आणि वरचं पान मालूला परत दिलं.

"ह्ये तुझं. हिशेब तुझा बरोबर हाय, तो फाडू नकोस."

पट्टी त्याने कमरेला खोचली आणि माळ्यावरून फावडा काढला. त्याच्या पात्याला दोन महिन्यांत गंज चढला होता. तो दगडावर घासत बसला. गंजाचं लाल पाणी ओटीवरून खाली जात होतं.

सकाळी दोघं बांधावर निघाली. भात पिवळं पडायला लागलं होतं. काशीबाईचं शेत तेवढं करडं. उघाडीवर चारही फळ्या वर होत्या. कुणाची तरी पाळी होती. खाडीत पाणी अजून खाली होतं, पण त्याचं तोंड फिरलं होतं. खारफुटीच्या मुळांशी फेस आत यायला लागला होता.

"तिथी काय?" कान्हूने विचारलं.

"तेरस. पाऊणकी पावणेदहा. आणि अर्धा तास. सव्वादहा."

"धर मग ते टोक."

फळी जड होती. मालूने टोक धरलं, बोटं आत घेतली. पहिली खाचेत गेली, दुसरी गेली, तिसरी अडकली. कान्हूने फावड्याच्या दांड्याने ठोकली. चौथी जाईपर्यंत पाणी पहिलीला लागलं होतं. रघू पाटील दूर बांधावर येऊन उभा राहिला. चारही फळ्या खाली गेलेल्या बघून तो परत गेला.

साडेनऊला पाणी तिसऱ्या फळीवर होतं. खालच्या फटीतून एक बारीक धार शेताकडे आली. कान्हू दुसऱ्या बाजूला पेंढा कोंबत होता.

"तिकडं बघ," तो म्हणाला.

मालू गुडघ्यावर बसली, मूठभर चिखल घेतला आणि फटीत दाबला. धार थांबली, परत आली. तिने दुसरी मूठ घेतली, बोटं पेरापर्यंत आत घातली आणि तशीच धरली. पलीकडून खाडी ढकलत होती. हाताला कळ लागली, गुडघे चिखलात रुतले, पण कान्हूने सोड म्हटलं नव्हतं. सव्वादहाला अजून पाऊण तास होता.